वाकळीतली जागा

मेथीच्या दोन जुड्यांतली कोवळी कोणती ते बघत असतानाच कुसुमबाईंचा फोन वाजला. गुजरीतल्या त्या कालव्यात एका कानात बोट घालून ऐकताना त्यांना नीट कळलं ते एवढंच, की समुद्रापलीकडची एक मुलगी आपलं घर परभणीत आहे असं सांगायला लागली आहे. फोन मेणियोंचा होता. श्रीलंकेत, कँडीच्या पुढच्या डोंगरात, एका विहाराला लागून अनाथ मुलींचं घर आहे. ते चालवणाऱ्या, केशरी वस्त्रांतल्या, डोकं भादरलेल्या बाईंना तिथं सगळे मेणियो म्हणतात. तरुणपणी त्या पाली शिकायला नागपूरला राहिल्या होत्या, त्यामुळं त्यांची मराठी सिंहली सुराची आणि नागपुरी वळणाची. “बाई, ऐकून राहिले ना तुम्ही? हिरुणीला न्यायला लोक आले होते. नवरा-बायको, दोघंही शाळेत शिकवतात. चांगले आहेत. मुलगी म्हणून नेतो म्हणतात, कायमची. आणि ही नाही म्हणून राहिली. का गं, तर म्हणे मला घर आहे. कुठं, तर म्हणे आच्चीकडं, आजी म्हणते ना ती तुम्हाला, परभणीला.” कुसुमबाईंनी दोन्ही जुड्या खाली ठेवल्या. भाजीवाली म्हणाली, “काय झालं वो बाई? कोवळीच हाय की.” फोनमधून मेणियो सांगत होत्या, की ते दोघं आज पाच वाजता पुन्हा येणार आहेत, आजही ही नाही म्हणाली तर ते दुसरं, लहान लेकरू बघतील, आणि एवढ्या मोठ्या मुलीला पुन्हा कोण न्यायला येतं? “तुम्ही बोला बाई. तुमचंच ऐकते ती.” कुसुमबाईंनी विचारलं, “काय बोलू?” मेणियो म्हणाल्या, “जे खरं आहे ते.”

रिक्षा न करता त्या पायीच निघाल्या. गुडघे कुरकुरत होते. पण रिक्षात बसलं की घर लगेच आलं असतं. जिंतूर रोडनं कापसाचे ट्रक जिनिंगकडं चालले होते आणि त्यांच्यातून सुटलेले पांढरे पुंजके लिंबाच्या फांद्यांना, तारांना, माणसांच्या केसांना चिकटत होते. बाईंच्या खांद्यावर एक येऊन बसला, तो त्यांनी झटकला नाही. त्यांना एकाएकी फार थकल्यासारखं झालं. हा थकवा चालण्याचा नव्हता. ताडकळसच्या शाळेत मार्च-एप्रिलच्या दुपारी, पत्रे तापलेले असताना, एखाद्या पोराला तीच बेरीज पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायची असायची, तेव्हा फळ्याकडं वळताना जो यायचा, तो हा थकवा. तेव्हा त्या वळायच्या मात्र. न वळता कधी राहिल्या नव्हत्या. चौथी झाली की पोरं निघून जायची, दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या गावात, पुढं कुठं कुठं. बाई तिथंच राहायच्या आणि जूनमध्ये नवी पोरं यायची. शाळेत असं असतं, की पोरं जातात आणि मास्तरीण राहते. जाणाऱ्याला काही वाटत नाही, राहणाऱ्याला थोडंसं वाटतं, आणि ते वाटणं गिळायचा पगार मिळतो असं त्या हसून म्हणायच्या. लंकेत, जिथं त्या तीन महिने राहून आल्या, तिथं ते उलटं झालं होतं. तिथं पोरी राहत होत्या आणि माणसं जात होती. हे उलटं झालेलं आपल्या ध्यानात यायला इतका उशीर का लागला, आपण तर जन्मभर पोरांचे चेहरे वाचत आलो, असं काहीतरी मनात येत होतं आणि पुरतं यायच्या आत ट्रकचा हॉर्न वाजत होता.

नागनाथ गेल्यावर घर खायला उठायचं. चारचौघांत मालक म्हणायच्या त्या नवऱ्याला, एकट्यात नागनाथच. इथल्या विहारातले भंते एकदा म्हणाले, बाई, तुमचं शिकवणं असं घरात बसून वाळून चाललंय, तिकडं लंकेत लेकरं आहेत, माझ्या ओळखीच्या माता आहेत, जाऊन या. मुलगा बुद्धभूषण तेव्हा फार चिडला होता. “तुला आराम कर म्हणलं तर तू परदेशात पोरं सांभाळायला जायलीस. लोक मला काय म्हणतील?” पण पासपोर्टाच्या रांगेत तोच उभा राहिला. तिथं पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी बाई ओळीत बसलेल्या पोरींसमोर उभ्या राहिल्या, तर बोलायला एक शब्द नाही. मग विहारातली घंटा झाली, पोरींनी हात जोडून त्रिशरण सुरू केलं, आणि बाईंच्या तोंडून आपोआप पुढचे शब्द निघाले. चाल वेगळी, शब्द तेच. पोरी चमकून वळल्या. एक मोठ्या डोळ्यांची, पुढचा दात अर्धा तुटलेली, म्हणता म्हणता थांबली आणि बाईंच्या ओठांकडं बघत राहिली. तीच हिरुणी. नंतर तिनं जवळ येऊन बोटं दाखवली. एक, दोन, तीन, आणि भुवया उंचावल्या. मेणियो ओशाळून म्हणाल्या, किती महिने राहणार ते विचारून राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला त्या हेच आधी विचारतात. बाईंनी तीन बोटं दाखवली. हिरुणीनं आपली तीन बोटं उभी करून नीट बघितली, जणू ती तिला मिळाली होती.

बाईंच्या आधी तिथं एक जर्मन मुलगी येऊन गेली होती, तिचं गाणं पोरींना पाठ होतं. एक चेन्नईचं जोडपं येऊन गेलं होतं, त्यांनी शिकवलेली टाळ्यांची चाल होती. कुणी कागदाची बगळे-बदकं शिकवून गेलं होतं. पोरी ते सगळं करून दाखवायच्या, हसत, न थकता, आणि बाईंना पहिल्यांदा मौज वाटली होती. मग एका दुपारी त्यांच्या मनात आलं, ही सगळी गेलेल्या माणसांची सामानं आहेत; एखाद्या घरात उतरून गेलेल्या भाडेकऱ्यांच्या वस्तू राहाव्यात तशी. आपणही एखादी ठेवून जाऊ. बाईंनी त्यांना मराठी शिकवलं, उगीच, खेळ म्हणून. ऊठ म्हटलं की उठायचं, बस म्हटलं की बसायचं, आणि बाईंऐवजी कुणी दुसरीच ‘ऊठ’ म्हणाली तर हलायचं नाही. हिरुणी कधीच चुकायची नाही. सगळ्या फसून उठल्या तरी ही बसलेली, अर्धा दात दाखवत, बाईंच्याच तोंडाकडं बघत. महिना झाला तेव्हा तिनं एक बोट मिटलं. दुसरा झाला तेव्हा दुसरं. तिसरं तिनं मिटलंच नाही. तेव्हा बाईंना बरं वाटलं होतं. पोरगी रुळली, आता मोजत नाही, असं त्यांनी सुनेला, मनिषाला, फोनवर कौतुकानं सांगितलं होतं. आत्ता, घराच्या वाटेवर पोलीस ग्राउंडच्या भिंतीला हात टेकून उभं राहिल्यावर त्यांना कळलं, ती मोजत का नव्हती ते. मोजायचं कारण तिच्यापुरतं संपलं होतं. त्या गोधडीपासून, वाकळीपासून.

वाकळीची गोष्ट अगदी साधी होती. पावसाळी डोंगर, ओल, आणि आजारी पोरींच्या खोलीत पांघरायला पातळ चादरी. एका कपाटात मात्र पोरींचे विटलेले गणवेश, फाटके परकर, लहान झालेले झगे कोंबून ठेवलेले. वालूरसारख्या खेड्यात वाढलेली बाई फाटकी कापडं बघून गप्प बसेल कशी? बाईंनी दाभण मागवलं, दोरा मागवला, आणि दुपारच्या वेळी पोरींना घेऊन वाकळ शिवायला बसल्या. शिवता शिवता बोलणं आलंच. वालूरला बाईंची माय अंगणात वाकळ पसरून सांगायची, हे तुझ्या आज्याचं धोतर, हे फुईचं लुगडं, हे तुझ्या त्या भावाचं अंगडं, जो राहिला न्हाई. आणि म्हणायची, “याच्यात ज्येचं कापड हाय ना कुसुम, त्येला या घरात कुणी ऊठ म्हणायचं न्हाई.” घरात रुसून आलेली, नवऱ्यानं टाकलेली फुई, बाईंची आत्या, राहायची, तिच्यासाठीच माय ते म्हणायची, काकूला ऐकू जाईल अशा आवाजात. बाईंनी ते जसंच्या तसं मेणियोंना सांगितलं आणि मेणियोंनी जसंच्या तसं पोरींना. पोरींनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. बाईंना वाटलं, गोष्ट आवडली. दुसऱ्या दिवशी हिरुणी एक कापड घेऊन आली. चिटाचं, तपकिरी, त्यावर पिवळी फुलं. तिकडच्या बायका कमरेला गुंडाळतात तसलं. मेणियो हळूच म्हणाल्या, हे तिच्या आईचं आहे, एवढंच आहे तिच्याकडं. बाईंनी ते घडी करून तिच्या हातात परत दिलं. तिनं ते पुन्हा बाईंच्या मांडीवर ठेवलं. पुन्हा परत, पुन्हा मांडीवर. शेवटी बाईंचे डोळे भरून आले. केवढं मोठं मन या एवढ्याशा पोरीचं, असं वाटलं. ते कापड कापायला हात होईना, म्हणून चौपदरी घडी करून तसंच मधोमध घातलं, जिथं माणसाची छाती येते तिथं. आणि निघायच्या दिवशी पोरींनी ती वाकळच बाईंच्या बॅगेत भरली. मेणियो म्हणाल्या, सगळ्यांचं ठरलंय, नाही म्हणू नका. फाटकाशी सगळ्या रडल्या. हिरुणी रडली नाही. ती नुसती हात हलवत होती, बाजाराला निघालेल्या माणसाला हलवावा तसा.

गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या त्रिवेणीबाई पापड वाळत घालत होत्या. किराणा दुकानाच्या मालकीण, कपाळाला भस्माची बोटं, तोंड मोकळं. “काय वो बाई, रिकामीच पिशवी? गुजरीत गेला होताव का नुसतं फिरायला? लंकेहून बी तुमी अशाच आलाव, एक तोळा सोनं न्हाई आणलं की लाडक्या शेजारणीला!” बाई एरवी याला काहीतरी उत्तर द्यायच्या. आज त्या नुसत्या थांबल्या आणि म्हणाल्या, “आणलंय वो त्रिवेणीताई. परत करायचं हाय.” त्रिवेणीबाईंचा हात पापडावरच राहिला. “येड लागलं का बाई तुमाला? चेहरा बघा कसा झालाय. जा, आधी पाणी प्या.”

वर गच्चीवर मनिषानं वाकळ उन्हात टाकली होती. तिला सवयच होती, सासूबाईंची वाकळ दर चार-आठ दिवसांनी ऊन खाऊ घालायची. खाली स्वयंपाकघरात बाईंनी तिला सगळं सांगितलं. मनिषा ऐकता ऐकता ज्वारी निवडत होती, मग सूप बाजूला ठेवून नुसती ऐकत राहिली. तेवढ्यात बुद्धभूषण जेवायला आला. त्याला तहसीलला परत जायची घाई होती, तरी तोही ऐकत राहिला. “यात काय एवढं?” तो म्हणाला. “म्हण, आत्ता जा त्यांच्यासोबत, पुढच्या साली मी येते भेटायला. लेकरू हाय, चार महिन्यांत इसरून जाईल.” बाई म्हणाल्या, “तू इसरलास का? तू बालवाडीत असताना मी तुला शाळेत सोडून म्हणलं होतं, आत्ता येते, आणि बदलीच्या कामाला जिंतूरला गेले. संध्याकाळपर्यंत तू पायरीवरून उठला नव्हतास.” बुद्धभूषणनं भाकरीचा तुकडा मोडला. “ते वेगळं हाय.” “वेगळं न्हाई.” मनिषा हळूच म्हणाली, “आई, खरंच आणता न्हाई का येणार तिला?” प्रश्न साधा होता, पण जेवणाऱ्याचा हात थांबला. बाईंनी दोघांकडं बघितलं. दोन खोल्या, बुद्धभूषणचं हप्त्यांतलं घर, आपले गुडघे, आपलं वय, दुसरा देश, त्याचे कायदे; हे सगळं खरं होतं, आणि त्याच्याखाली आणखी एक खरं होतं, जे त्या गुजरीपासून चुकवत आल्या होत्या. आपल्याला ती नको आहे. ती आवडते, ती वाकळीत हवी आहे, थंडीत छातीशी हवी आहे. पण सकाळी तिची वेणी घालायला, तापात तिच्या उशाशी बसायला, तिच्या पंधराव्या वर्षाचा राग सोसायला आता आपल्यात कुणी उरलेलं नाही. तिथं आपण गेलो ते देण्यासाठी असं सगळ्यांना वाटलं, आपल्यालाही. घेऊन आलो आपण. “न्हाई येणार,” बाई म्हणाल्या. “आणता येणार न्हाई.”

दुपार त्यांनी गच्चीवरच काढली. गल्लीत परत करायचं म्हणाल्या होत्या खऱ्या, पण जिना चढताना मनात त्यांनी वेगळंच ठरवून ठेवलं होतं, की पोरीला सांगायचं, तू जा, तिकडं सुखात राहा. कापड राहू दे माझ्याकडं, मी जपते. म्हणजे दोघींचं राहील. लंकेचं आणि आपलं घड्याळ एकच, हे त्यांना तिथं असताना फार आवडायचं. इथं चार वाजले की तिथंही चार, मधे समुद्र असून नसल्यासारखा. आज त्याचा आधार वाटेना. वाकळीवर त्या पाय पसरून बसल्या. खाली गल्लीत पोरं शाळेतून येत होती, एकाची पाण्याची बाटली रस्त्यावर घरंगळत गेली, कुणीतरी कुणाच्या तरी नावानं ओरडलं. पाच वाजता मनिषा फोन घेऊन वर आली आणि समोर धरून बसली.

हिरुणी पाहुण्यांसमोर घालायच्या झग्यात होती. तेल लावून दोन घट्ट वेण्या. बाई म्हणाल्या, “जेवलीस का?” ती म्हणाली, “जेवले.” मेणियो दिसत नव्हत्या, तिच्या मागून नुसता आवाज येत होता. बाईंनी वर्गात सांगायच्या तसं सांगायला सुरुवात केली. एका वेळी एकच गोष्ट, आणि ती पोचेपर्यंत दुसरी नाही. मी म्हातारी झाले. मला तुला इथं आणता येत नाही. आज नाही, पुढंही नाही. मी तुला न्यायला येणार नाही. मेणियो अडखळल्या. “हे शेवटचं पण सांगू?” “तेच आधी सांगा,” बाई म्हणाल्या. हिरुणीनं ते ऐकलं. मग ती बोलायला लागली, बराच वेळ, सावकाश, आणि मेणियोंचा आवाज मागून येत राहिला. “ती म्हणून राहिली, मी कुठं म्हटलं न्यायला या? आच्ची म्हणाली होती, ज्याचं कापड आत आहे त्याला कोणी ऊठ म्हणत नाही. म्हणाली होती का?” “म्हणाले होते.” “कापड आत आहे का अजून, विचारते.” बाईंनी वाकळीचा मधला भाग दोन्ही हातांनी उचलून फोनसमोर धरला. “हाय.” “मग मी तिथंच आहे, म्हणते.”

आता जिन्यात ठरवलेलं बोलायची वेळ होती. बाईंनी बोलून टाकलं. तू जा, कापड मी जपते. हिरुणीनं मान हलवली, लगेच, भाषांतर पुरं व्हायच्या आत, जणू ‘जपते’ हा शब्द तिला आधीपासून माहीत होता. मेणियो म्हणाल्या, “बाई, ती म्हणते दोन घरांत झोपता येत नाही. कापड काढा. काढलं तर ती जाईन म्हणते.” आणि मग, “तिच्यासमोर काढा, म्हणते.”

फोन बाईंकडं देऊन मनिषा खालून कात्री घेऊन आली आणि पुन्हा फोन समोर धरून बसली. बाईंचे टाके बारीक होते, दाट, ओळीत. त्यांचं फळ्यावरचं अक्षर जसं होतं तसे. स्वतःचंच अक्षर पुसायला बसल्यासारख्या त्या एकेक टाका उचलून कापत गेल्या. वरचं कापड सुटलं, त्याच्याखाली निळा गणवेश, त्याखाली कुणाच्या तरी झग्याची झालर, आणि मग ते तपकिरी. इतके दिवस अंधारात राहिल्यानं त्याचा रंग बाकी सगळ्यांपेक्षा ताजा होता. पिवळी फुलं तर कालची वाटत होती. मधे एकदा बाईंचा हात थांबला तेव्हा फोनमधून अर्ध्या दाताचा तो आवाज आला, काहीतरी छोटं. त्याचं भाषांतर न मागताच बाईंनी पुन्हा कात्री धरली. शेवटचा टाका सुटल्यावर त्यांनी घडी उलगडून कापड उभं धरलं. हिरुणी पुढं वाकली. तिनं बोट फिरवून दाखवलं, उलटं करा. बाईंनी उलटं केलं. ती कडा बघत होती, चारही. कापलेलं आहे का ते बघत होती. “न्हाई कापलं,” बाई म्हणाल्या. “अख्खं हाय. उद्याच पाठवते.”

हिरुणी मागं सरून बसली. मेणियो काहीतरी म्हणाल्या, कुठंतरी खुर्ची सरकल्याचा, मोठ्या माणसांच्या बोलण्याचा आवाज आला. पोरगी जागची हलली नाही. ती बाईंच्या तोंडाकडं बघत होती, खेळात बघायची तशी. मग तिनं विचारलं, मराठीत, स्वच्छ, “ऊठ?”

बाईंनी आयुष्यात हजारदा म्हटलेला शब्द. बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. “ऊठ, बाळा,” बाई म्हणाल्या. हिरुणी उठली. खुर्ची दिसली, मागची भिंत दिसली, भिंतीवरची कागदाची बदकं दिसली, आणि मग मेणियोंनी फोन बंद केला.

गल्लीत कुणीतरी दिवा लावला. वारा सुटला होता. मनिषा म्हणाली, “आई, थंडी पडायली, आता...” आणि उसवलेल्या वाकळीकडं बघत तीही तिथंच कडेला बसली. बाईंनी कापडाची चौपदरी घडी पदरात घेतली आणि दुसरा हात उघड्या थरांमध्ये घातला. मधली जागा दुपारच्या उन्हानं अजून गरम होती.